आरसा वर गेल्यावर

एक्झॅक्टा नावाच्या जुन्या जर्मन कॅमेऱ्याचा खटका दाबला की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नाहीसं होतं आणि तिथे अंधार होतो. पापणी लवण्यापुरता अंधार असता तर कुणी त्याची दखल घेतली नसती. पण हा टिकतो. फोटो काढून झाला, समोरचा माणूस उठून निघून गेला, पाऊस सुरू झाला, तरी व्ह्यूफाइंडर काळाच. डाव्या अंगठ्याने लिव्हर पूर्ण फिरवून फिल्मची पुढची चौकट आणली, की मगच आतला आरसा खाली येतो आणि जग परत दिसू लागतं.

कॅमेऱ्यांच्या इतिहासात याची नोंद दोष म्हणून आहे, आणि यंत्र म्हणून पाहिलं तर तो दोषच होता. पुढे तो दूरही झाला. मला मात्र या अंधारात यंत्रशास्त्राच्या बाहेरचा एक प्रश्न दिसत आला आहे. घेणं आणि पाहणं या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात का? होत नसतील, तर जो घेतो त्याला ‘मी पाहिलं’ असं म्हणायचा अधिकार कुठून मिळतो?

आधी यंत्राविषयी. योहान स्टेनबर्गन या डच तरुणाने १९१२ साली ड्रेस्डेनमध्ये कॅमेऱ्यांची एक कंपनी काढली. तिचं लांबलचक जर्मन नाव ‘उद्योग आणि व्यापार मंडळी’ अशा अर्थाचं होतं. त्या जर्मन शब्दांची आद्याक्षरं जर्मन लोक जशी उच्चारतात तशी जोडून ‘इहागे’ हे नाव तयार झालं. १९३३ साली या कंपनीने छोट्या रोलफिल्मवर चालणारा पहिला एक्झॅक्टा आणला, आणि १९३६ च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या जत्रेत ‘किने एक्झॅक्टा’ मांडला. ‘किने’ म्हणजे सिनेमाचा: सिनेमासाठी बनणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म यात वापरायची होती. या फिल्मवर चालणारा पहिला सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेरा कोणता, यावर लेनिनग्राडमध्ये बनलेल्या ‘स्पोर्त’ कॅमेऱ्याचे चाहते अजून हुज्जत घालतात. घालोत बापडे. ज्याने या जातीला रूप दिलं आणि जो जगभर विकला गेला तो एक्झॅक्टा. त्याचा रचनाकार कार्ल न्युख्टरलाइन. तो दुसऱ्या महायुद्धातून परत आला नाही.

हा कॅमेरा हातात घेतला की पहिल्यांदा उजव्या हाताची पंचाईत होते. खटका डावीकडे, लिव्हर डावीकडे, वेग ठरवायची मुख्य चकती डावीकडे. कॅमेरा उजव्या हाताने चालवायचा असा रिवाज तेव्हा सगळीकडे पक्का झालेला नव्हता, आणि पुढे तो झाला तेव्हाही एक्झॅक्टाने आपली बाजू सोडली नाही. उजवीकडे एक दुसरी चकती आहे. ती घड्याळासारखी चावी देऊन ताणायची, म्हणजे बारा सेकंदांपर्यंतचे संथ वेग मिळतात. दुसरं टोक सेकंदाच्या हजाराव्या भागाचं. १९३६ साली खिशात मावेल न मावेल अशा पेटीत बारा सेकंदांपासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचा काळ कोंबणं ही काय करामत होती, हे घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारावं. वरून पाहिलं तर या पेटीची दोन्ही टोकं निमुळती दिसतात. आणि तळाशी एक छोटी मूठ आहे, ती ओढली की आतली सुरी फिल्म कापते. रोल अर्धाच झाला असेल, पण काढलेलं तेवढं आताच धुऊन पाहायचं असेल, तर काळोख्या खोलीत तेवढा तुकडा कापून घ्यायचा. अंधारात ठेवणारा कॅमेराच पुढचं लवकर पाहण्याची सोय देतो, ही गंमत आहे.

आता आरशाविषयी. फोटो काढणाऱ्याला फिल्मवर काय उमटणार ते आधी दिसावं, ही कॅमेऱ्याच्या जन्मापासूनची गरज. तिच्यावर त्या काळच्या जर्मनीत तीन उत्तरं शोधली गेली आणि तिन्ही उत्तम होती. एक लायकाचं. लायकामध्ये डोळ्यासाठी वेगळी खिडकी असते. लेन्सच्या थोडं वर, थोडं बाजूला. खटका दाबताना त्या खिडकीतलं दृश्य हलत नाही, विझत नाही. समोरचं माणूस हसलं की डोळे मिटले, ते त्याच क्षणी कळतं. पण तुम्ही जे पाहता ते लेन्स पाहते तेच नव्हे. जवळची वस्तू असेल तर दोन नजरांतलं अंतर फोटोत उघडं पडतं. धूसर काय आणि स्पष्ट काय, हेही खिडकी सांगत नाही. तिच्यातून सगळं जग सारखंच लख्ख.

दुसरं उत्तर ब्राउनश्वाइगच्या रोलायफ्लेक्सचं, १९२९ सालचं. एकावर एक दोन सारख्या लेन्स. वरची पाहते, खालची घेते. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचं रूपक आहे, त्यातला एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. रोलायफ्लेक्सकडे पाहिलं की मला ते आठवतं. वरच्या डोळ्याला खाण्याशी देणंघेणं नाही, म्हणून तो कधी मिटत नाही. साक्षी असावा तर असा! अडचण एवढीच, की साक्षी बसला आहे वरच्या फांदीवर. फळ खालच्या पक्ष्याला जसं दिसतं तसं त्याला दिसत नाही.

एक्झॅक्टाने एकच पक्षी ठेवला. एक लेन्स, तिच्यामागे तिरका आरसा, आरशाच्या वर घासलेली काच. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर काचेवर जातो आणि वरून मान वाकवून ते चित्र पाहायचं. चित्र सुलटं, फक्त डावं-उजवं उलट, रोजच्या आरशातल्यासारखं. लेन्स बदला, पुढे नळ्या लावून मुंगीच्या डोळ्यापर्यंत जा, सूक्ष्मदर्शकाला जोडा, काचेवर दिसतं तेच फिल्मवर येतं. नजर आणि यंत्र यांच्यात तसूभरही अंतर नाही. या रचनेत मला एक प्रामाणिकपणा वाटतो. ती पाहणाऱ्याला वेगळी, सोयीची खिडकी देत नाही. तू जे घेणार आहेस तेच बघ, म्हणते.

पण प्रकाश एकच आहे. तो एका वेळी एकीकडेच जाऊ शकतो: डोळ्याकडे किंवा फिल्मकडे. खटका दाबताच आरसा वर उचलला जातो, त्याने वरची काच झाकली जाते, मग मागचा कापडी पडदा सरकतो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. म्हणजे जे दृश्य फिल्मला मिळालं ते माणसाला मिळालेलं नाही. त्याने त्याच्या आधीचं पाहिलं. एसएलआर कॅमेऱ्याने काढलेल्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्राविषयी हे खरं आहे, अगदी प्रसिद्धातल्या प्रसिद्ध छायाचित्राविषयीही. छायाचित्रात जो क्षण आहे, नेमका तो काढणाऱ्याने व्ह्यूफाइंडरमधून पाहिलेला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी आरशाची पाठ होती.

या कृतीला आपल्या भाषांनी काय काय नावं दिली आहेत, ते इथे पाहण्यासारखं आहे. हिंदीत फोटो ‘खींचते’ हैं, म्हणजे ओढतात. बंगालीत छबी ‘तोलतात’, म्हणजे उचलतात. फूल खुडण्यालाही तेच क्रियापद. गुजरातीत फोटो ‘पाडतात’. आपण मराठीत तो ‘काढतो’, जसं विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, कसेबसे दिवस काढतो. ओढणं, उचलणं, पाडणं, काढणं: एकाही भाषेने या कृतीला पाहण्याचा प्रकार मानलेलं नाही. सगळ्यांनी ती हातांकडे सोपवली. मराठीत अजून एक शब्द आहे, ‘टिपणं’. क्षण टिपला, असं आपण कौतुकाने लिहितो. चिमणी दाणे टिपते. टीपकागद शाई टिपतो. शिकारी नेम धरून पाखरू टिपतो. आणि ऐकलेलं विसरू नये म्हणून वहीत लिहून ठेवतो ते टिपण. खाणं, शोषून घेणं, मारणं आणि जपून ठेवणं हे चारही अर्थ एका शब्दात शेजारी शेजारी बसले आहेत आणि भाषेला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. छायाचित्राच्या नीतीविषयी जे काही बोलायचं ते या चार अर्थांच्या भांडणातच असतं, असं मला वाटतं.

एक्झॅक्टाच्या रचनेत या भांडणाची अजून एक बाजू आहे, आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. अंधार झाल्यावर पुन्हा दिसायला हवं तर लिव्हर फिरवायची. पण त्या एका लिव्हरने तीन कामं होतात. फिल्म पुढे सरकते, आरसा खाली येतो, आणि पडद्याची स्प्रिंग ताणली जाते. म्हणजे दृष्टी परत येते ती पुढच्या खटक्याची तयारी करूनच. नुसतं पाहायचं, घ्यायचं काहीच नाही, अशी अवस्था या कॅमेऱ्यात नाही. ज्या क्षणी तुम्हाला दिसतं त्या क्षणी तुम्ही सज्ज असता; सज्ज नसाल तर दिसत नाही. त्या साक्षी पक्ष्याला इथे जागाच ठेवलेली नाही.

हे सगळ्यात उघडपणे दाखवलं ते एका चित्रपटाने. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५४ सालच्या ‘रिअर विंडो’मध्ये पाय मोडून घरात अडकलेला छायाचित्रकार समोरच्या इमारतीतल्या खिडक्यांमध्ये पाहत बसतो. आधी दुर्बिणीने, मग कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लांबलचक लेन्स लावून. तो कॅमेरा एक्झॅक्टाच आहे. चित्रपट पाहून आलेल्या माणसाला विचारा, त्याने त्या कॅमेऱ्याने किती फोटो काढले? बहुतेक जण विचारात पडतात. एकही नाही. चित्रपटभर तो खटका दाबत नाही. समोर खून झाला असावा असा त्याचा संशय आहे, पुराव्याची गरज आहे, हातात जगातला एक उत्तम कॅमेरा आहे, आणि तो फक्त पाहतो. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा, की त्याची स्प्रिंग सगळा वेळ ताणलेली आहे. नाहीतर त्याला काहीच दिसलं नसतं. आणि शेवटी खुनी त्याच्या खोलीत शिरतो, तेव्हा स्वतःला वाचवायला त्याच्याजवळ असतात फ्लॅशचे बल्ब. ते एकामागून एक पेटवून तो समोरच्याला क्षणभर आंधळं करतो. इहागेनेच १९३५ साली एक्झॅक्टामध्ये फ्लॅश जोडायची सोय पहिल्यांदा कॅमेऱ्यातच बसवली होती, हे हिचकॉकला माहीत असण्याचं कारण नाही. पण पाहण्याचं यंत्र दुसऱ्याची दृष्टी घालवायला वापरता येतं, हे त्याला नक्की माहीत होतं.

हा नायक चांगला की वाईट, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. चोरून पाहणारा म्हणून त्याला धरून बडवणं सोपं आहे. माझी अडचण वेगळी आहे. त्याने फोटो काढला नाही म्हणून तो अधिक निर्दोष ठरतो का? घेतलं नाही, फक्त पाहिलं, असं म्हणणाऱ्या माणसाची स्प्रिंग ताणलेली होती की नव्हती, हे बाहेरून दिसत नाही.

इथे एखादा व्यावसायिक छायाचित्रकार मला थांबवेल, आणि त्याने थांबवावंच. तो म्हणेल, अंधाराचं हे कौतुक ज्यांचं पोट त्यावर चालत नाही त्यांनी करावं. लग्नात वरमाला पडताना किंवा रस्त्यावर लाठीमार चालू असताना व्ह्यूफाइंडर काळा झाला तर तो चिंतनाचा विषय नसतो, ती कामातली खोट असते. बरोबर आहे. हंगेरीत आणि मग जपानमध्ये यावर उपाय निघाला. १९५४ च्या असाहीफ्लेक्समध्ये फोटो घेतल्याबरोबर आरसा आपोआप खाली येऊ लागला. त्याच काळात जपानी कारखान्यांनी जर्मनीची या धंद्यातली सद्दी संपवली. त्याला कारणं अनेक होती, पण आपलंच जुनं यंत्र परिपूर्ण मानण्याची ड्रेस्डेनची खोड त्यातलं एक होतं असं म्हणता येईल. एक्झॅक्टाला आपोआप परतणारा आरसा मिळाला तो १९६७ साली, व्हीएक्स १००० या मॉडेलमध्ये. तोवर उशीर झाला होता. आज तर आरसा नसलेलेच कॅमेरे आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीत व्ह्यूफाइंडर क्षणभरही काळा होत नाही याचा अभिमान असतो.

तेव्हा जुन्या दोषाला सद्गुण ठरवण्याचा माझा विचार नाही. संग्राहकांच्या कपाटातली ती खोड मला माहीत आहे. वस्तू निकामी झाली की तिच्यात अध्यात्म दिसू लागतं. माझं म्हणणं एवढंच, की एक्झॅक्टा वापरणाऱ्याला एक गोष्ट विसरणं शक्य नव्हतं: जे घेतलं ते आपण पाहिलेलं नाही. आरसा झटपट खाली येऊ लागल्यावर हे विसरणं शक्य झालं, आणि आता तर तसं कधी काही होतं हेच कळणार नाही. आता कुणी म्हणेल, अंधार काढून टाकला म्हणजे पाहण्यातला खंड संपला. सलग पाहणारा माणूसच खरा साक्षीदार. एक्झॅक्टाच्या गावातच याचं उत्तर आहे, आणि ते सुखाचं नाही.

ड्रेस्डेन हे कॅमेऱ्यांचं शहर होतं. इहागे तर तिथे होतीच, पण त्याहून कितीतरी मोठी होती झाइस इकॉन. युद्धाच्या काळात या कंपनीच्या गोएले कारखान्यात लष्करासाठी फ्यूज बनत. शटर आणि फ्यूज यांच्यात वाटतं तेवढं अंतर नाही. दोन्ही वेळ मोजणारी बारीक यंत्रं, दोन्हींना घड्याळजींचे हात लागतात. या कारखान्यात शहरातल्या ज्यूंना सक्तीने राबवलं जात होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांना घरांतून काढून शहराबाहेर हेलरबेर्ग इथल्या बराकींच्या छावणीत नेलं. सुमारे तीनशे माणसं. मार्च १९४३ मध्ये त्यांतल्या बहुतेक सगळ्यांना ऑशविट्झला पाठवण्यात आलं.

या हलवाहलवीची एक चित्रफीत आहे, सुमारे अर्ध्या तासाची. ती झाइस इकॉनच्याच एका कर्मचाऱ्याने काढलेली आहे. ती दडून राहिली आणि १९९०च्या दशकात उजेडात आली. सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या त्या माणसाचा व्ह्यूफाइंडर काही काळा होत नव्हता. तो सलग पाहत होता, आणि फिल्म सलग भरत होती. लेन्स नीट फोकस केली होती, प्रकाशाचा अंदाज बरोबर होता. आपल्याकडे ‘डोळ्यांदेखत’ म्हणतात तसं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. त्याला साक्षीदार म्हणायचं का? त्याची फीत साक्ष देते, यात शंका नाही. तिच्याशिवाय ती हलवाहलव आज आपल्यापैकी कुणाच्या नजरेसमोर आली नसती. पण तो माणूस? कारखान्यात जो पाहतो, हिशेब ठेवतो, काम नीट झालं की नाही याची नोंद करतो, त्याला आपण पर्यवेक्षक म्हणतो. पाहण्यात खंड पडला नाही एवढ्याने पर्यवेक्षकाचा साक्षीदार होत नाही.

त्याच शहरात त्याच महिन्यांत दुसरा एक माणूस होता. व्हिक्टर क्लेम्पेरर हे फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक, जन्माने ज्यू. नाझींनी त्यांची नोकरी काढून घेतली, मग घर, मग एकेक करून रोजच्या जगण्यातल्या वस्तू. ज्यूंनी कॅमेरा बाळगायचा नाही, दुर्बीण बाळगायची नाही, टंकलेखनयंत्र बाळगायचं नाही असे हुकूम १९४२ पर्यंत निघाले होते. निम्म्या युरोपला कॅमेरे पुरवणाऱ्या या शहरात काही माणसांना कॅमेऱ्याला हात लावायची बंदी होती, आणि त्यातलीच काही माणसं कॅमेऱ्याच्या कंपनीत राबत होती. क्लेम्पेरर यांनी रोजनिशी लिहिली. कोणत्या दुकानात काय मिळालं नाही, रस्त्यात कोण काय बोललं, झाइस इकॉनमध्ये काम करणारे ओळखीचे लोक काय सांगत होते, आज कोणाला नेलं. त्यांच्या पत्नी एव्हा ज्यू नव्हत्या, म्हणून ते वाचत गेले; आणि त्याच एव्हा लिहिलेली पानं लपवून जवळच्या पिर्ना गावातल्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन ठेवत. पानं सापडली असती तर ज्यांची नावं त्यांत होती त्या सगळ्यांचा जीव गेला असता.

रोजनिशी नेहमी नंतरच लिहिली जाते. घटना घडते त्या क्षणी हातात लेखणी नसते. दार ठोठावलं जातं तेव्हा कुणी लिहीत बसत नाही. म्हणजे क्लेम्पेररांच्या प्रत्येक पानामागे एक अंधार आहे. घडलं तेव्हाचं आणि लिहिलं तेव्हाचं, या दोहोंमधला. त्यांना तो माहीत होता. अफवा असेल तर ते अफवा म्हणून लिहितात, स्वतः पाहिलं असेल तर तसं, आणि स्वतःच्या भीतीची व क्षुद्रपणाची नोंद करतात तेव्हाही हात आखडता घेत नाहीत. रोज रात्री ते दिवसाकडे पुन्हा वळत. दिवसा जे गिळावं लागलं ते रात्री परत समोर आणत. टिपण्याचे जे चार अर्थ वर आले, त्यातला शेवटचा, वहीतल्या टिपणाचा, इथे एकटा उभा आहे. बाकीच्या तिघांची त्याला सोबत नाही.

म्हणून मला वाटतं, प्रश्न ‘त्या क्षणी तू पाहत होतास का’ असा विचारण्यात फारसं हाती लागत नाही. त्या क्षणी कुणीच धड पाहत नसतं; हात कामात असतात, जीव घाबरलेला असतो, आरसा वर गेलेला असतो. विचारायचं ते नंतरचं. अंधार झाल्यावर तू काय केलंस? लिव्हर फिरवलीस ती कशासाठी? समोर जे होतं त्याचं काय झालं हे पाहायला, की पुढची चौकट भरायला? एक्झॅक्टात या दोन्हींसाठी हाताची हालचाल एकच आहे, आणि म्हणून यंत्र याचं उत्तर देऊ शकत नाही. माणसालाही ते दर वेळी ठाऊक असतं असं नाही. लाठीमाराचा फोटो काढून झाल्यावर पडलेल्या माणसाकडे पाहणारा छायाचित्रकार आणि पुढच्या लाठीची वाट पाहणारा छायाचित्रकार, दोघांचा अंगठा सारखाच फिरतो. कधी कधी तर दोघं एकाच माणसात असतात.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी ड्रेस्डेनमध्ये उरल्यासुरल्या ज्यूंना हजर होण्याच्या नोटिसा वाटण्यात आल्या. त्यातल्या काही घरोघर नेऊन देण्याचं काम क्लेम्पेररांवर आलं. त्याच रात्री विमानं आली आणि शहर जळालं. इहागेचा कारखाना त्यात बेचिराख झाला. क्लेम्पेरर कोटावरचा पिवळा तारा काढून टाकून गर्दीत मिसळले आणि वाचले. युद्ध संपल्यावर शहरात एक्झॅक्टा पुन्हा बनू लागला. १९५० साली त्याला काढता-घालता येणारं प्रिझम मिळालं, आणि मान न वाकवता, डोळ्यासमोर धरून, डावं-उजवं सरळ दिसेल असं पाहता येऊ लागलं. खाली वाकून पाहण्याची सक्ती संपली. खटका दाबल्यावरचा अंधार पुढे अजून सतरा वर्षं राहिला.

हेलरबेर्गच्या त्या फितीविषयी अजून एक गोष्ट सांगायची राहिली. सिनेमाच्या कॅमेऱ्यातही शटर असतं. एक चौकट उमटली की ते बंद होतं, फिल्म पुढे सरकते, मग ते उघडतं, सेकंदाला सोळा किंवा चोवीस वेळा. सरकत्या फिल्मवर प्रकाश पडून चालत नाही. त्यामुळे कोणत्याही चित्रफितीत चित्रीकरणाचा साधारण निम्मा वेळ उमटलेलाच नसतो, आणि ती पडद्यावर पाहतानाही निम्मा वेळ आपण अंधारात बसलेले असतो. डोळ्याला ते कळत नाही इतकंच. नोव्हेंबर १९४२ मधल्या त्या अर्ध्या तासातला उरलेला निम्मा भाग फक्त तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांत होता. त्यांतली बहुतेक माणसं पुढच्या मार्चमध्ये त्या गाडीत बसवली गेली.